ऑरिन टॉफ्टेचं जातं-येतं नेट

मंगळवारी दुपारी पावणेतीनला नेट गेलं, तेव्हा ऑरिन टॉफ्टे एका जळालेल्या कोंबड्यांच्या खुराड्याचा विमादावा मिनियापोलिसला पाठवत होता. खुराडं बत्तीस टक्के गेलं आणि अडकलं. पडद्यावर ते छोटं चक्र फिरायला लागलं आणि ऑरिन त्याच्याकडे बघत बसला. आता चक्रात बघण्यासारखं काय असतं? पण ऑरिनचा स्वभावच तसा. फिरणारी वस्तू दिसली की त्याची तंद्री लागायची. घरी कपडे धुवायच्या मशीनसमोर तो स्टूल टाकून बसायचा. खुराड्याचं उरलेलं अडुसष्ट टक्के आत्ता कुठे असेल, असं त्याच्या मनात आलं. खिडकीबाहेर तळं अजून गोठलेलं होतं. त्या बर्फाखाली, अंधुक हिरव्या पाण्यात, अडकलेली सगळी टपालं माशांच्या सोबतीनं सावकाश तरंगत असतील, असं त्याला वाटलं, आणि वाटून बरंही वाटलं.

"गेलं का हो?" मीटिंगच्या खोलीतून बाहेर येत मार्लिस एकब्लाडनं विचारलं.

"थोडंसं," ऑरिन म्हणाला.

नेट थोडंसं जात नसतं हो. पण मिनेसोटाच्या उत्तर भागात 'गेलं' असं तोंडावर कोणी म्हणत नाही. छप्पर उडालं तर इथला माणूस म्हणतो, वरून जरा मोकळं झालंय. अशा लोकांचा आगीचा विमा उतरवणं म्हणजे काय चीज आहे, हे ऑरिनला विचारावं. दाव्यात 'किंचित धूर झाला' असं लिहिलेलं असलं की समजायचं, घर गेलं. 'बऱ्यापैकी धूर झाला' असं असलं की शेजाऱ्याचंही गेलं.

बिर्क लेक परस्पर अग्निविमा मंडळीच्या कचेरीत माणसं तीन. ऑरिन व्यवस्थापक. मार्लिस दाराशी बसून फोन, टपाल आणि आल्यागेल्याचं बघायची, शिवाय कचेरीत कुठे कागदाचा कपटा पडलेला दिसला तर तिला चैन पडत नसे. तिसरा वेंडेल. तो जळालेल्या जागा बघून नुकसान ठरवायचा. बहुतेक वेळ तो बाहेर असे, आणि आत असला की खात असे.

त्याच आठवड्यात मुख्य कचेरीतून हॉफस्टाडबाईंचं पत्र आलं. पत्र फार गोड होतं, म्हणूनच ऑरिननं ते दोनदा वाचलं. 'तुमच्याकडचं नेट अधूनमधून विश्रांती घेतं असं दिसतं. एकतीस मार्चला, शुक्रवारी दुपारी अडीच वाजता, मी पडद्यावरून तुमच्याशी तासभर बोलेन. तासभर नेट टिकलं तर काहीच प्रश्न नाही. नाही टिकलं तर कचेरी बंद करून तुम्ही तिघांनी आपापल्या घरून काम करावं असं ठरलं आहे. पगार तोच राहील.'

"घरून?" वेंडेलचे डोळे चमकले. "म्हणजे पायजम्यात?"

"वेगळंच आहे हो," मार्लिस म्हणाली. आता 'वेगळंच आहे' याचा आमच्या गावात एकच अर्थ होतो, की हे मला अजिबात आवडलेलं नाही. पण तिला त्यातलं नेमकं काय आवडलं नाही, ते कोण विचारणार?

ऑरिननं पत्राची घडी केली. तो सत्तावन्न वर्षांचा, एकटा, गावाबाहेरच्या घरात राहायचा, आणि त्या घरात बोलणारा म्हणाल तर एक फ्रीज. त्याच्या दिवसात मोलाच्या गोष्टी दोनच होत्या. सकाळी साडेनऊची कॉफी आणि दुपारी तीनची. मीटिंगच्या खोलीत मार्लिस टेबलावर कापड अंथरायची, वड्यांची ताटली ठेवायची, आणि तो तिच्या समोरच्या खुर्चीत बसायचा. अकरा वर्षांत अशा पाच हजारांवर कॉफ्या झाल्या. तेवढ्या कॉफ्यांत तो तिच्याशी हवा, बर्फ, रस्ता आणि पुन्हा हवा या विषयांवर बोलला होता. मनातलं बोलायचं राहून गेलं होतं. घाई काय आहे, असं त्याला वाटायचं. आता घाई झाली होती. कचेरी गेली की कॉफी गेली, आणि कॉफी गेली की मार्लिस गेली. नेट आपण दुरुस्त करायचंच, असं त्यानं ठरवलं. त्याला नेटमधलं काही कळत नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

पहिला सल्ला शेजारच्या ड्वेन कोल्स्टाडनं दिला. ड्वेननं तीस वर्षं गाईंच्या कुंपणात वीज सोडली होती, त्यामुळे तारेतून जाणाऱ्या कुठल्याही गोष्टीवर आपला हक्क आहे अशी त्याची समजूत.

"तो नेटचा डबा ठेवलाय कुठे तुम्ही?"

"कपाटात. खाली. बुटांजवळ."

"बर्फाचे ओले बूट आणि त्यात तो डबा! अरे बाबा, माणसाला सर्दी होते, डब्याला नाही होणार? विटेवर ठेव त्याला. बघ मग."

ऑरिननं घरून वीट आणली, धुतली, पुसली आणि डबा तिच्यावर बसवला. डब्याला आठ भोकं, प्रत्येकात एक वायर, प्रत्येक वायरीपाशी एक हिरवा दिवा. सगळे दिवे वेड्यासारखे लुकलुकत होते. कपाटाच्या अंधारात ते इतके सुरेख दिसत होते, की ऑरिन पाच मिनिटं कोटांच्या मागे तसाच बसून राहिला. मग लॅपटॉप घेऊन तो मीटिंगच्या खोलीत गेला. तिथे पाहुण्यांसाठी भिंतीतून नुकतीच काढलेली एक जादा वायर होती. तिचं दुसरं टोक त्या वेळी भिंतीतल्याच शेजारच्या खाचेत खोचलेलं होतं. त्यानं ते उपसलं आणि लॅपटॉपला लावलं. काय आश्चर्य! नेट धो धो वाहायला लागलं. खुराड्याचं अडुसष्ट टक्के एका दमात मिनियापोलिसला पोहोचलं.

"वीट!" ऑरिन स्वतःशीच म्हणाला. काम झाल्यावर त्यानं वायरीची नीट गुंडाळी करून खुर्चीपाशी ठेवली आणि ड्वेनला फोन करून आभार मानले. ड्वेननं ते नको नको म्हणत तीनदा नाकारले आणि चौथ्यांदा घेतले.

दुसऱ्या दिवशी सव्वानऊला नेट पुन्हा गेलं.

या वेळी वेंडेलला संशय आला कॉफीच्या यंत्रावर. "वेळ बघ ना. सव्वानऊ, पावणेतीन. कॉफी चढली की नेट उतरतं. सरळ आहे." ऑरिननं ते यंत्र उचलून बाहेर मार्लिसच्या टेबलामागे नेलं, लॅपटॉप घेऊन खोलीत गेला, पाहुण्यांची वायर भिंतीतून काढून लॅपटॉपला लावली, आणि नेट चालू! वेंडेलनं स्वतःच्या हुशारीवर दोन वड्या खाल्ल्या. पावणेतीनला नेट गेलं.

मग ड्वेननं डब्याचं तोंड दक्षिणेला करायला सांगितलं. मग हार्डवेअरच्या दुकानातल्या माणसानं प्लग उलटा लावून बघायला सांगितलं. मग खुद्द ऑरिनच्या मनानं घेतलं, की दारावर लटकणारा आपला लोकरी कोट वीज खेचून घेतो. तो कोट त्यानं गाडीत ठेवला आणि आठवडाभर कुडकुडत फिरला. गंमत अशी, की प्रत्येक उपाय लागू पडायचा. उपाय करावा, लॅपटॉप वायरीला लावून बघावं, नेट हजर. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत तो डबा विटेवर, दक्षिणेकडे तोंड करून, उलट्या प्लगावर, कोटाविना बसला होता, आणि नेट रोज दोनदा नेमानं जात होतं.

शेवटी ऑरिननं मुख्य कचेरीच्या मदत विभागाकडे जायचं धाडस केलं. तक्रार नोंदवायची तर ती नेटवरूनच नोंदवायची होती. नेट असताना नोंदवली, तर फॉर्मनं विचारलं, 'या क्षणी नेट बंद आहे का?' ऑरिन खोटं बोलत नाही. त्यानं 'नाही' लिहिलं. फॉर्म म्हणाला, आपली अडचण सुटल्याबद्दल अभिनंदन, आमच्या सेवेला पाचपैकी किती तारे द्याल? ऑरिननं चार दिले. पाच दिले असते तर बढाई मारल्यासारखं झालं असतं.

मग त्यानं फोन केला. तिकडे केल्विन नावाचा माणूस होता. आवाज दमलेला, पण सज्जन.

"अडचण किती गंभीर आहे, साहेब?"

"तशी काही नाही. तुम्हाला सवड झाली तर. नाही झाली तरी चालेल."

केल्विननं 'अतिशय कमी निकडीची' असा शेरा मारला. तीन दिवसांनी त्यानं ईमेल पाठवली, की चोवीस तासांत उत्तर द्या, नाहीतर तक्रार निकाली निघेल. नेमकी ती ईमेल अडकली. तक्रार निकाली निघाली. तक्रार निकाली निघाल्याची ईमेल मात्र दुसऱ्या दिवशी सुखरूप आली. आता अशा वेळी दुसरा माणूस फोनवर कडकडला असता. ऑरिननं 'कळवल्याबद्दल आभार' असं उत्तर लिहिलं आणि खिडकीतून बाहेर बघत बसला.

बाहेर बर्फावर गावानं दरसालप्रमाणे एक जुनी निळी गाडी ठेवली होती, इंजिन काढून, साखळी बांधून. बर्फ वितळून ती कोणत्या दिवशी पाण्यात जाते याचा अंदाज जो तो लिहून देतो. नेट गेलं की कचेरीत इतकी शांतता पसरायची, की तळ्यावरचा बर्फ कण्हताना ऐकू यायचा. छतावर बर्फाचा उजेड पडायचा. वेंडेल चघळायचं थांबायचा. मार्लिस हनुवटीला हात लावून त्या गाडीकडे बघायची, आणि ऑरिन मार्लिसकडे. नेट दुरुस्त करायला निघालेल्या माणसाला नेट नसतानाच्या त्या घटका इतक्या आवडाव्यात, हे काही बरोबर नव्हतं. पण त्याला आवडायच्या, खोटं कशाला बोला.

आता त्या वायरीबद्दल. तुमच्या डोक्यात आलं असेल, की ऑरिन रोज भिंतीतून काढतो ती वायर रोज पुन्हा भिंतीत जाते कशी? ते ऑरिनच्याही डोक्यात आलं होतं. दुसऱ्याच आठवड्यात त्यानं पाहिलं होतं, की कॉफीचं टेबल मांडताना मार्लिस वाकते, ती गुंडाळी उचलते आणि मोकळं टोक शेजारच्या खाचेत खोचून टाकते. तिला लोंबणारी गोष्ट बघवत नाही. कोणी अडखळून पडलं तर? आणि मार्लिसनंही पाहिलं होतं, की ऑरिन रोज ते टोक काढतो आणि परत लावायला विसरतो. बिचाऱ्याचं वय होत चाललंय, आपण बोलून दाखवायला नको, असं तिनं मनाशी म्हटलं. आणि त्यानं म्हटलं, तिच्या कामात आपण कशाला नाक खुपसा, तिचं काही कारण असेल. म्हणून तो न बोलता काढायचा आणि ती न बोलता लावायची. तीन आठवडे दोघं एकमेकांचा असा मान राखत होते.

हे आमच्याकडेच होऊ शकतं. ताटलीत एक वडी उरली की ती उचलायची कोणाची छाती होत नाही. वेंडेल अर्धी घेतो. ऑरिन उरलेल्यातली अर्धी. मार्लिस त्यातलीही अर्धी. शेवटी बोटाच्या नखाएवढा कण ताटलीत राहतो आणि तिघंही त्याच्याकडे आदरानं बघत बसतात.

सोमवारी ऑरिननं धीर करून केल्विनला पुन्हा फोन लावला, आणि या वेळी 'अडचण मध्यम आहे' इथपर्यंत मजल मारली. केल्विनला दया आली असावी.

"साहेब, एक सांगा. एखादी वायर अशी आहे का, की जिची दोन्ही टोकं भिंतीत आहेत?"

ऑरिननं मीटिंगच्या खोलीच्या दाराकडे बघितलं.

"असली तर काय होतं?"

"तर संपलं सगळं. निरोप एका टोकानं बाहेर पडतो आणि दुसऱ्या टोकानं परत आत येतो. पुन्हा बाहेर, पुन्हा आत. छोट्या गावात अफवा फिरते ना, तसं. सगळे तीच बोलत सुटतात, दुसरं कोणाला काही ऐकूच येत नाही."

ऑरिननं फोन खाली ठेवला. म्हणजे विटेचा काही संबंध नव्हता. कोट फुकट गाडीत गेला. आणि नेट पाडत होती मार्लिस, त्याची मार्लिस, आणि तिला ते ठाऊकसुद्धा नव्हतं. उपाय अगदी सोपा होता. तिला एवढंच सांगायचं, की ती वायर लावू नका. पण असं सरळ वाक्य ऑरिननं उभ्या आयुष्यात कोणाला म्हटलं नव्हतं. त्याच्या वडिलांनीही म्हटलं नव्हतं. आणि बाईमाणसाला, तिनं मायेनं केलेल्या कामाबद्दल? आपण चूक करतोय असं तिला वाटलं तर? ती समोरच्या खुर्चीवरून उठून गेली तर?

त्यानं आडवळणानं सुरुवात केली. मंगळवारी त्या खाचेसमोर खुर्ची ठेवली. मार्लिसनं ती हळूच बाजूला केली. त्या दिवशी कॉफीला तो खिडकीकडे बघत म्हणाला, "काही काही घरांत म्हणे वायरी लोंबत असतात. आणि ती माणसं अगदी सुखी असतात."

"वेगळंच आहे हो," मार्लिस म्हणाली.

बुधवारी सकाळी त्यानं खाचेवर एक चिठ्ठी चिकटवली. चिठ्ठीवर काय लिहावं याचा तासभर विचार केला आणि शेवटी नुसतं 'कृपया' लिहिलं. मार्लिसनं ती वाचली, तिला ती फार आवडली, आणि तिनं ती काढून सगळ्यांना दिसेल अशी कचेरीतल्या फ्रीजवर लावली.

त्याच दिवशी दुपारी तो टेबलाखाली शिरून ती खाच चिकटपट्टीनं बुजवत होता, तेवढ्यात बाहेर वेंडेल ओरडला, "गेली! गेली!" ऑरिनला वाटलं, आता वीजच गेली. घाईनं उठताना त्याचं डोकं टेबलावर आपटलं, चष्मा पडला, आणि तो खिडकीशी पोहोचला तेव्हा तळ्यावर निळ्या गाडीच्या जागी काळ्या पाण्याचा एक चौकोन आणि साखळीचं टोक तेवढं उरलं होतं. सबंध हिवाळाभर वाट बघितलेली गोष्ट त्याच्या पाठीमागे होऊन गेली.

"कशी गेली?" त्यानं कपाळ चोळत विचारलं.

"शांतपणे," मार्लिस म्हणाली. ती अजून बाहेरच बघत होती. "आधी पुढचे दिवे गेले, मग टप. कोणी झोपायला जावं तशी गेली. तुम्ही असायला हवे होतात." आणि मग जरा थांबून, "पुढच्या वर्षी आपण घरी असलो तर कोणाच्या खिडकीतून बघणार?"

ऑरिनच्या जिभेवर आलं होतं. शपथेवर सांगतो, अगदी टोकावर आलं होतं. तो म्हणाला, "रस्ते आता निसरडे होतील." आणि मार्लिसनं मान डोलावली, वाकली, आणि खाचेवरची चिकटपट्टी नखानं नीट खरवडून काढली. भिंतीवर असली घाण तिला खपत नाही.

शुक्रवार उजाडला. अडीचला भिंतीवरच्या मोठ्या पडद्यात हॉफस्टाडबाई उमटल्या. करड्या केसांची, मऊ बोलणारी बाई. मऊ बोलूनच त्यांनी चार कचेऱ्या बंद केल्या होत्या. पाहुण्यांची वायर ऑरिननं आधीच भिंतीतून काढून ठेवली होती, आणि गुंडाळीवर स्वतःचा पाय ठेवून तो बसला होता. वीस मिनिटं चित्र स्वच्छ, आवाज स्वच्छ. बाई खुराड्याच्या दाव्याबद्दल चांगलं बोलल्या. ऑरिनला आत कुठेतरी ऊब वाटायला लागली. बाहेर बर्फाची कड सुटून पाणी चमकत होतं, पडद्यावरची बाई लांबून, झोपेत ऐकू यावं तशी बोलत होती, आणि सगळं आहे तसंच राहील, साडेनऊची कॉफी, तीनची कॉफी, समोरची खुर्ची, असं त्याला वाटू लागलं. त्या तंद्रीत त्याचा पाय केव्हा सरकला ते त्याला कळलंच नाही.

दार उघडून मार्लिस आत आली. मीटिंग असो की जगबुडी, तीनची कॉफी चुकत नाही. तिनं आवाज न करता कापड पसरलं, ताटली ठेवली, पडद्याकडे बघून हसली, आणि मग तिची नजर जमिनीवरच्या गुंडाळीवर गेली. ती वाकली. टोक तिच्या हातात आलं. हात खाचेकडे निघाला.

हॉफस्टाडबाई म्हणत होत्या, "तर माझ्या मते, तिथलं नेट..."

"मार्लिस," ऑरिन म्हणाला, "ती वायर लावू नका."

वेंडेलचा घास तोंडापाशी थांबला. मार्लिस होती तशीच वाकलेली राहिली. ऑरिन स्वतःच्याच आवाजानं इतका घाबरला, की श्वास घ्यायचं विसरला. खोलीत कोणाची पापणी हलेना.

"हॅलो?" पडद्यातून बाई म्हणाल्या. "अरेरे, गेलं वाटतं. सगळे गोठलेत."

मार्लिस सावकाश उभी राहिली. टोक अजून तिच्या हातात होतं. "काय म्हणालात?"

"लावू नका. त्यानंच नेट जातं. तीन आठवडे त्यानंच जात होतं." आता बांध फुटला होता. "मी सांगायला हवं होतं. मला सांगता येईना."

"आणि मला वाटायचं, तुम्ही विसरता!" मार्लिसचा चेहरा लाल झाला होता. ऑरिनला वाटलं, झालं, आता ती उठून जाणार. "अकरा वर्षं, ऑरिन टॉफ्टे. अकरा वर्षं मी वाट बघतेय, की हा माणूस माझ्याशी एक तरी सरळ वाक्य बोलेल. आणि बोललात ते काय, तर वायर लावू नका!"

ऑरिन उभा राहिला. का, ते त्याला माहीत नव्हतं. बसून राहणं शक्य नव्हतं एवढंच.

"आणखी काही आहे," मार्लिसनं विचारलं, "का संपलं?"

"आहे," तो म्हणाला. "मला घरून काम करायचं नाही. घरी तुम्ही नसता."

वेंडेलनं घास हळूच ताटलीत ठेवला.  मार्लिसनं वायरीचं टोक हातातून सोडलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा ते तसंच लोंबत राहू दिलं.

तेवढ्यात भिंतीवरून खाकरल्याचा आवाज आला. "मला ऐकू येतंय बरं का," हॉफस्टाडबाई म्हणाल्या. त्यांनी चष्मा काढून डोळे टिपले आणि कागद पुढे ओढला. "तास भरायची वाट बघायला नको. चित्र उत्तम. आवाज तर शब्द न् शब्द स्पष्ट. कचेरी आहे तिथेच राहील, असं मी लिहून टाकते. वेंडेल, तुम्ही जरा बाहेर जा. मीही बंद करते."

पडदा काळा झाला. वेंडेल जाताना ताटली घेऊन गेला. दार लागलं.

मार्लिस आपल्या खुर्चीत बसली, दोन कपांत कॉफी ओतली आणि एक ऑरिनपुढे सरकवला.

"हं," ती म्हणाली. "बोला आता. आणि हवेबद्दल नको."